आडोसा

भिंत सुनेच्या सांगण्यावरून बांधली. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, पण तसं कुणी कधी बोललं नाही.

त्याआधी रेडा रस्त्याच्या कडेला शिरीषाच्या झाडाखाली बांधलेला असायचा. ढग्या त्याचं नाव. पारडू असल्यापासून आबांनी त्याला स्वतःच्या हातानं वाढवला होता, आणि आसपासच्या पाच-सहा गावांतले लोक माजावर आलेली म्हैस घेऊन आबांकडेच यायचे. झाडाखाली लाकडी खोडा होता. त्यात म्हैस उभी करायची, दोन माणसांनी धरायची, आबांनी ढग्याला सोडायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. बघणाऱ्यांच्या तोंडाला त्या वेळी काही धरबंद नसायचा. काम झालं की आबा ढग्याला खालच्या तळ्यावर न्यायचे. दुपारभर तो नुसतं नाक वर ठेवून पाण्यात बसायचा आणि आबा काठावर डुलक्या घ्यायचे.

सून लग्न होऊन आली तेव्हा तिला याचं काही वाटलं नव्हतं. तिच्या माहेरीही जनावरं होती. वाटायला लागलं ते गावातल्या शाळेत नोकरी लागल्यावर. घर शाळेच्या वाटेवर होतं. पोरं जाता-येता थांबायची. मग एकदा पालकांच्या बैठकीत ती चौथीच्या मुलांचे गुण वाचून दाखवत होती, तेव्हा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, पोराचं राहू द्या. म्हैस कधी आणू तेवढं सांगा. शाळेच्या वेळात चालेल का?"

सगळे हसले. मुख्याध्यापिकाही हसल्या, मग रुमाल तोंडाला लावून खोकल्या. सुनेनं पुढच्या मुलाचे गुण वाचले. त्या दिवशी तिनं दोन मुलांचे गुण अदलाबदल करून वाचले होते, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

नवरा दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होता. त्याला सांगितलं तर, "लोक आज बोलतील, उद्या विसरतील," म्हणाला आणि जेवायला बसला. म्हणून तिनं आबांनाच विचारलं. आबा ढग्याच्या पाठीला तेल चोळत होते.

"आबा, हे सगळं जरा आडोशाला नाही का करता येणार?"

आबांचा हात थांबला. "हे म्हणजे?"

"म्हणजे… हेच. म्हशी आणतात ते. रस्त्यावरून सगळं दिसतं."

आबांनी रस्त्याकडे पाहिलं. तो तिथे आहे हे जणू आत्ताच त्यांच्या ध्यानात आलं होतं. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. त्यांनी तेलाचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं, हात धोतराला पुसले.

"येईल की," ते म्हणाले. "का नाही येणार?"

थंडीच्या दिवसांत काम काढलं. घराची मागची बाजू आणि शेजारच्या गोदामाची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा होती. तिथे सात फूट भिंत उचलायची, वर पत्रा टाकायचा आणि गल्लीच्या बाजूनं दार ठेवायचं असं ठरलं. पत्रे गोदामवाल्यानं काढून टाकलेले, जुने. ते पुरावेत म्हणून छप्पर ठेंगणं ठेवावं लागलं. आबांनी हात वर केला की पत्र्याला टेकायचा.

अर्धी भिंत झाल्यावर गवंडी म्हणाला, "वरच्या दोन थरांत जाळी सोडतो, आबा. एक वीट आड एक. वारं खेळेल."

आबांनी सुनेकडे पाहिलं. ती गवंड्यासाठी पाणी घेऊन आली होती.

"गोदामाच्या जिन्यावरून पोरं बघतील त्यातून," ती म्हणाली.

गवंडी हसला. "पोरं काय, बाई, भिंतीवर चढूनही बघतील."

ती हसली नाही. तांब्या ठेवून आत गेली. मागून तिला आबांचा आवाज ऐकू आला, "जाळी नको. सगळं बंद कर."

सासूनं स्वयंपाकघरातून एवढंच विचारलं, "मुक्या जनावराला कोंडून घालता होय?" गवंड्यानं पुढची वीट ठेवली.

पहिले दोन महिने सगळं छान झालं. रस्ता मोकळा झाला. मुख्याध्यापिका एकदा बरोबर चालत आल्या, शिरीषाच्या झाडाकडे बघून "बरं केलंत हो" म्हणाल्या, आणि सून घरी येऊन गुणगुणत कामाला लागली. म्हशी गल्लीतून येत आणि गल्लीतून जात. तळ्याचा मात्र प्रश्न झाला. गल्लीतून तळ्याकडे जायचं तर शाळेच्या फाटकासमोरूनच जावं लागे, आणि ढग्याची पाण्यात बसायची वेळ तीच शाळा सुटायची वेळ. आबांनी दुपारचं तळं बंद केलं. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याला पहाटे न्यायचे आणि उजाडायच्या आत परत आणायचे.

मग ऊन तापायला लागलं.

सकाळी दहालाच पत्रे कडकड वाजायचे. दुपारी दार उघडलं की आतून वाफ अंगावर यायची, तिला शेणमुताचा असा वास की डोळे चुरचुरावेत. ढग्या मान पुढे ताणून उभा असायचा. जीभ बाहेर, तोंडातून लाळेच्या तारा, कुशी भात्यासारख्या हलत. काळ्या कातडीला हात लावला तर तापलेल्या तव्याला लावल्यासारखं वाटे. आबा गोणपाट भिजवून त्याच्या पाठीवर टाकायचे. घटकाभरात ते वाळून कडक व्हायचं. नळाला पाणी दिवसाआड, ते माणसांनाच पुरत नव्हतं. वैरण तशीच गव्हाणीत पडून राहायची. सासू ती उचलून म्हशींना घालायची आणि आबांकडे बघायची.

पण माजावरची म्हैस समोर आली की ढग्या अजूनही अंगावर जायचा. पहाटेच्या गारव्यात तर चांगलाच. म्हणून त्याच्याबद्दल कुणाच्या मनात काही आलं नाही. आबांच्या तर नाहीच.

पहिली म्हैस तीन आठवड्यांनी उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. "होतं असं," आबा म्हणाले आणि परत लावून दिली. मग दुसरी उलटली. पुढच्या पंधरवड्यात आणखी चार. आबा प्रत्येकाला काही ना काही सांगायचे. तुमचा माज ओळखायला चुकला. उन्हाळ्यात म्हैस मुका माज करते, ओरडत नाही, वेळ निघून जाते. पेंड बंद केलीत ना, मग?

शिवणवाल्या मावशींची म्हैस तीनदा उलटली.

मावशी एकट्या होत्या. ओट्यावर शिलाई यंत्र आणि मागे एक म्हैस, एवढ्यावर त्यांचं चालायचं. म्हैस आटत आली होती. गाभण राहिली तरच पुढच्या वर्षी दूध. तिसऱ्यांदा त्या आल्या तो सुट्टीचा दिवस होता. गल्लीत दोघं-तिघं आपल्या म्हशी घेऊन थांबले होते आणि सून धुणं वाळत घालत होती.

"आबा, पुन्हा आलीय ही," मावशी म्हणाल्या. "रेड्याला एकदा डॉक्टरांना दाखवा की."

थांबलेल्यांपैकी एक जण खाकरला. आबांचा चेहरा बदलला.

"ढग्याला काय झालंय? तुमच्यासमोर तर उडतो. मावशी, खोट तुमच्या म्हशीत आहे. बरगड्या मोजाव्यात अशी ठेवलीय तिला. हिच्याच पोटात काही नाही, तर पोटाला राहणार काय? भाकड झालीय ती. उगाच माझ्या जनावराला दमवू नका."

मावशींनी दावं सोडून हाताला गुंडाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. "मी उपाशी नाही ठेवत तिला," त्या म्हणाल्या. "मी राहीन उपाशी." आणि म्हैस वळवून त्या गल्लीतून चालू लागल्या.

सुनेच्या हातात ओला सदरा होता. आबांना असं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं सदरा झटकला आणि वाळत घातला.

त्याच आठवड्यात जनावरांचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. शाळेच्या खिडकीतून सुनेला टेम्पो जाताना दिसला. मागे मावशींची म्हैस होती, फळ्यांमधून नाक बाहेर काढून. भाकड म्हशी तो व्यापारी कुठे नेतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन दिवसांनी मावशी छोटी किटली घेऊन यांच्याच दारात आल्या. "अर्धा लिटर द्या," म्हणाल्या. "चहापुरतं." सुनेनं माप भरून वर थोडं जास्त घातलं. मावशींनी ते जास्तीचं मापानं परत तिच्या भांड्यात ओतलं.

जनावरांची डॉक्टरीण आली ती लस टोचायला. तरुण होती, मोटरसायकलवर फिरायची आणि बोलताना आडपडदा ठेवत नव्हती. घरच्या म्हशींना लस टोचून झाल्यावर तिनं विचारलं, "तुमच्याकडे रेडा होता ना झाडाखाली? विकला?"

"मागे आहे," आबा म्हणाले.

दार उघडताच ती एक पाऊल मागे सरली. मग आत गेली, हात पत्र्याला लावला आणि झटकन काढून घेतला. ढग्याच्या मागे वाकून तिनं नीट चाचपून पाहिलं. सून दारातच उभी होती. तिनं मान दुसरीकडे वळवली.

"किती म्हशी उलटल्या?"

आबांनी ढग्याच्या मानेवर हात ठेवला.

"आबा, किती?"

"आठ-नऊ."

"आणि राहिल्या किती?"

आबांनी वाळलेलं गोणपाट उचललं आणि भिजवायला बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं येऊन नळीत नमुना घेतला. पेटीतून आणलेलं सूक्ष्मदर्शक ओसरीतल्या टेबलावर मांडलं, आरसा उजेडाकडे फिरवला, बराच वेळ पाहिलं, आणि मग म्हणाली, "बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना? या, बघा."

सुनेनं डोळा लावला. पांढुरक्या उजेडात बारीक काड्या पसरल्यासारख्या दिसत होत्या. काहींची शेपटं मुडपलेली. एक कुठेतरी कोपऱ्यात थरथरली आणि थांबली.

"हे सगळं वळवळत असायला हवं. मुंग्यांच्या वारुळात काडी घातल्यावर जसं होतं ना, तसं," डॉक्टरीण म्हणाली. "देवानं अंड शरीराच्या बाहेर लोंबकळत कशाला ठेवलंय, आबा? गार राहावं म्हणून. बीज तयार व्हायला दोन महिने लागतात. त्या काळात ते भाजलं की संपलं. वरून कळत नाही. रेडा उडतो, सगळं करतो, आणि आत काही नसतं. त्यात हे काळं जनावर, अंगाला घाम जेमतेम, याला सावली हवी, वारं हवं, डुंबायला पाणी हवं. झाडाखाली सगळं होतं की! ही भट्टी कुणाच्या डोक्यातून निघाली?"

ओसरीत सासू होती, नवरा होता. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं आणि लगेच पायांकडे. सुनेचा डोळा अजून सूक्ष्मदर्शकावरच होता. तिथे बघण्यासारखं आता काहीच नव्हतं, तरी तिनं मान वर केली नाही. बोलायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. 'मी' एवढं एकच अक्षर.

"माझ्या," आबा म्हणाले. "म्हातारपणी बुद्धी फिरते बघा. रस्त्यावर धूळ फार, म्हटलं आत बांधावा."

"म्हशींना नावं ठेवलीत ना लोकांच्या?" डॉक्टरीण म्हणाली. तिच्या कानावर आलं असावं. आबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. ज्यांच्या म्हशींचा अख्खा हंगाम वाया गेला होता ते दारात येऊन बोलून गेले. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एक जण नुसता भिंतीकडे बघत म्हणाला, "चांगली बांधलीय. मजबूत." आबांनी चहाच्या टपरीवर जाणं सोडलं. दाढी करणं सोडलं. ढग्याला त्यांनी त्याच दिवशी परत झाडाखाली आणलं होतं. भर दुपारी तळ्यावर न्यायचे, पण काठावर बसताना रस्त्याकडे पाठ करून बसायचे.

एका संध्याकाळी ते स्वच्छ सदरा घालून मावशींकडे गेले. परतले तेव्हा सासूनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"त्यांना आपली लहान पारडी देतो म्हटलं. नको म्हणाल्या." आबांनी सदरा काढून खुंटीला लावला. "म्हणाल्या, मला दुसरी कशाला? माझी होती ती हवी होती."

त्या रात्री कुणी धड जेवलं नाही.

सकाळी शाळेला जायच्या आधी सून मावशींच्या ओट्यावर गेली. मावशी यंत्रावर बसल्या होत्या, एका गणवेशाची बाही जोडत. सून उभीच राहिली.

"मावशी, आबांचं त्यात काही चुकलं नाही. भिंत मी बांधायला लावली. मला लोक हसायचे म्हणून. जाळीसुद्धा मीच नको म्हटलं."

यंत्र चालतच राहिलं. शिवण संपल्यावर मावशींनी दोरा दातानं तोडला.

"माहीत आहे."

"कसं?"

"गवंडी माझ्याकडेच शिवतो कपडे. भिंत चालू होती तेव्हाच सांगून गेला होता. माझ्या एकटीला काय, सगळ्या गावाला माहीत आहे, बाई. डॉक्टरणीला आबांनी काय सांगितलं तेही माहीत आहे. म्हातारा सुनेसाठी खोटं बोलतो, बोलू दे, म्हणून कुणी तुझ्या तोंडावर काढत नाही."

सुनेला एकेक चेहरा आठवला. म्हणजे रोज शाळेत हजेरी घेताना, पालकांना वह्या दाखवताना, मुख्याध्यापिकांशी बोलताना, समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

"आबा माझ्या म्हशीला भाकड-बिकड बोलले ते त्यांच्या तोंडचं," मावशी पुढे म्हणाल्या. "त्याची माफी त्यांनी मागितली. मी काय करणार? म्हैस गेली. तू आलीस ते बरं केलंस. जा आता, घंटा होईल."

आणि त्यांनी दुसरी बाही घेतली.

घंटा होऊन गेली होती. सून शाळेत न जाता आधी घरी आली. आबा मागच्या अंगणात पहार घेऊन भिंतीच्या वरच्या थराशी झटत होते. विटा चांगल्या बसल्या होत्या, निघत नव्हत्या. खपल्या उडून त्यांच्या पांढऱ्या दाढीत अडकल्या होत्या.

"आबा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

आबांनी पहार पुन्हा फटीत घातली. "शाळेला उशीर होतोय तुला."

"आबा, मी सगळ्यांना सांगणार आहे."

"कुणाला सांगायचं राहिलंय?" ते म्हणाले. तिच्याकडे न बघताच. म्हणजे त्यांनाही माहीत होतं की गावाला माहीत आहे. "जरा बाजूला हो. वीट पडेल पायावर."

ती बाजूला झाली नाही. दप्तराची पिशवी खाली ठेवून तिनं पहारीचं दुसरं टोक धरलं. दोघांच्या जोरावर पहिली वीट निसटली. मग सासू घमेलं घेऊन आली. त्या दिवशी शाळेत चौथीचा वर्ग दोन तास बाईंशिवाय बसला, आणि बाई गेल्या तेव्हा त्यांच्या तळहातांना फोड होते.

त्या दिवसापासून दुपारी शाळा सुटली की ढग्याला तळ्यावर ती नेऊ लागली. आबांनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा दावं तिच्या हातात दिलं. पहिल्या दिवशी रस्त्यावरचा पोरांचा घोळका एकदम गप्प झाला. कुणी हसलं असतं तर तिला काहीतरी बोलता आलं असतं. एवढा मोठा रेडा तिच्यामागून गरीब गाईसारखा चालत होता आणि तिची मान भाजत होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका मुलीनं विचारलं, "बाई, हा मारतो का?" ती म्हणाली, "पाढे न आल्यावर मारतो." मग पोरं हसली. तीही हसली.

पावसाळा आला. डॉक्टरणीनं दोनदा नमुना तपासला. दुसऱ्या वेळी तिनं सगळ्यांना बोलावून दाखवलं. उजेडात वळवळ होती. तरी म्हशी येईनात. लोक दुसऱ्या गावच्या रेड्याकडे जात होते. पावसाच्या मध्यावर एकट्या पोस्टमननं आपली म्हैस आणली. तीन आठवडे आबा रोज त्याच्या घरावरून फेरी मारून आले, आत न जाता. म्हैस उलटली नाही. पण आबा म्हणाले, डॉक्टरणीनं हात घालून बघितल्याशिवाय बोलायचं नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही.

थंडी सुरू झाली होती. शाळेत पालकांची बैठक होती. सून फळ्यापाशी उभी राहून गुण वाचत होती, तेव्हा तिला खिडकीतून आबा दिसले. ते भरभर चालत आले होते, एक टोक सुटलेलं धोतर हातात धरून, चेहरा असा की आता पळायला लागतील. फाटकापर्यंत आले. आतली माणसं बघितली. आणि थांबले. मागे सरले, रस्ता ओलांडला, पलीकडच्या कुंपणाला टेकून उभे राहिले आणि धोतर नीट करायला लागले.

बैठक संपायला अजून अर्धा तास होता. तेवढा वेळ ते तिथेच थांबणार होते. हा माणूस आयुष्यभर कुणाच्याही दारात हाका मारत शिरायचा. लोकांपुढे जाताना लाजायला त्यांना तिनं शिकवलं होतं.

तिनं यादी टेबलावर ठेवली. "एक मिनिट," म्हणाली आणि वर्गातून, पडवीतून, पालकांच्या मधून वाट काढत फाटकाबाहेर गेली.

"काय झालं, आबा?"

"काही नाही. घरी बोलू. तुझी सगळी माणसं बसलीत."

"सांगा."

आबांनी तिच्या खांद्यावरून शाळेकडे पाहिलं. पडवीत चार-पाच जण येऊन उभे राहिले होते.

"डॉक्टरीण आली होती आत्ता. पोस्टमनची म्हैस राहिली," ते पुटपुटले.

"गाभण आहे?" ती मोठ्यानं म्हणाली, पडवीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आबा, आपल्या ढग्याची? गाभण आहे?"

"हो, पण हळू बोल," आबा म्हणाले आणि तिचं मनगट धरलं. "हळू बोल, पोरी. ऐकतील."